'साताऱ्यात' लिहून दाखवा!

एक काम करा. मोबाइल बाजूला ठेवा. लॅपटॉप किंवा कॉलेजच्या लॅबमधला पीसी घ्या आणि 'मी साताऱ्यात राहते' एवढंच वाक्य टाइप करा. मुलांनी 'राहतो' करावं. आता त्यातलं 'ऱ्या' नीट बघा. 'या'च्या आधी भुवईसारखी छोटी वळलेली रेघ आली का? की 'या'च्या डोक्यावर रफार चढला आणि 'सातार्यात' झालं?

म्हणाल, एवढ्याशा रेघेनं काय होतंय? बरंच होतंय. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे कासला जाताना खाली दिसतात त्या. 'आचार्यांना बोलवा' म्हटलं तर विद्वान येतील, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर स्वयंपाक होईल. माझ्या कॉलेजच्या एका अंकाच्या कव्हरवर 'सातार्यातील तरुणाई' असं छापून आलं होतं. आम्ही फाइल बरोबर दिली होती, छापखान्यातल्या जुन्या फॉन्टनं वाट लावली. पाचशे प्रती. सगळ्यांवर तो रफार. लय वाईट वाटलं होतं.

हे आता आठवायचं कारण म्हणजे २०२५ च्या एप्रिलमधल्या एका शनिवारी मी सांगलीला एका पार्टीला गेले होते. वाढदिवस नव्हता, कुणाचं प्लेसमेंटही झालेलं नव्हतं. एका सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली म्हणून पार्टी! माझा मामेभाऊ विश्रामबागेत रूम करून राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याचा फोन आला, "ताई, ग्नोम ४८ आलंय. फेडोरामध्ये पण आलंय आता. शनिवारी सगळे रूमवर बसणाराय. तुझं ते डबडं घेऊन ये की."

डबडं म्हणजे माझा लॅपटॉप. चुलत बहिणीकडून वारसाहक्कानं आलेला. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, चार्जर चिकटपट्टी लावलेला. त्यावर मी बातम्या लिहिते, मुलाखतींचा ऑडिओ कापते, असाइनमेंट करते. त्याला काहीही झालेलं नाही. पण त्यात विंडोज १० आहे आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ टाकावं, तर त्याला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. म्हणजे चालतं-बोलतं मशीन केवळ कागदोपत्री म्हातारं झालंय. तुमच्या वर्गात अशी किती मशीन आहेत, मोजून बघा एकदा. नवा घ्यायला बाबांकडे चाळीस-पन्नास हजार मागायची माझी तरी हिंमत नाही.

तर पिशवीत डबडं, अर्धा किलो कंदी पेढे (साताऱ्याहून कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायची पद्धत नाही) आणि एसटी. कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा पाटीकडे बघितलं. पाटीवर 'कराड'. 'ऱ्ह'ची कटकटच नको! पुढं पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा करत दुपारी सांगलीत.

हे ग्नोम म्हणजे काय प्रकरण?

लिनक्स हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पण लिनक्स म्हणजे खरं तर आतलं इंजिन. आपल्याला दिसतं ते वेगळंच असतं: खिडक्या, मेनू, वरची पट्टी, फाइल उघडायचा डबा, सेटिंग, घड्याळ. या सगळ्याला डेस्कटॉप म्हणतात आणि असे डेस्कटॉप बरेच आहेत. त्यातलं एक मोठं नाव म्हणजे ग्नोम. यातला 'ग' उच्चारायचा असतो बरं का, 'नोम' म्हटलं की ही मंडळी लगेच चूक काढतात. उबुंटू, फेडोरा, डेबियन अशा लिनक्सच्या वेगवेगळ्या संचांमध्ये आपल्यासमोर येतं ते बहुतेक वेळा ग्नोमच.

त्याची जन्मतारीख आहे १५ ऑगस्ट १९९७. आपल्याकडे स्वातंत्र्याची पन्नास वर्षं साजरी होत होती, त्याच दिवशी मेक्सिकोतल्या मिगेल दे इकाझा नावाच्या चोवीस वर्षांच्या पोरानं ग्नोमची घोषणा केली. सोबत फेडेरिको मेना. भांडणाचं कारणही गमतीशीर होतं. लिनक्ससाठी केडीई नावाचा छान डेस्कटॉप तेव्हा तयार होत होता, पण तो ज्या क्यूटी नावाच्या पायावर उभा होता त्याचं लायसन पूर्ण मुक्त नव्हतं. घर आपलं आणि जोतं दुसऱ्याच्या मालकीचं, असं कसं चालेल? म्हणून यांनी जोत्यापासून नवं बांधायला घेतलं. पहिली आवृत्ती मार्च १९९९ मध्ये आली. पुढं क्यूटीही मुक्त झालं, केडीईही मजेत आहे आणि आज दोघंही एकमेकांच्या कार्यक्रमांना जातात.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की फुकट का स्वतंत्र, हे कळत नाही. त्यावर तिकडं चाळीस वर्षं खुलासे चाललेत. आपल्याकडे ती अडचणच नाही. 'फुकट' वेगळा आणि 'मुक्त' वेगळा. ग्नोम फुकट आहे, पण मुद्दा तो नाही. ते मुक्त आहे, म्हणजे वापरा, आत काय आहे ते वाचा, बदला, बदललेलं दुसऱ्याला द्या. हॉस्टेलवर पेनड्राइव्हमधून फिरणारं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर फुकट असतं. मुक्त नसतं.

२००२ पासून ग्नोमची नवी आवृत्ती साधारण दर ६ महिन्यांनी येते, मार्चमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये एक. शेतातल्या हंगामासारखं. २०११ च्या एप्रिलमध्ये ३.० आलं तेव्हा जगभर ठिकठिकाणी पार्ट्या झाल्या होत्या. २०२१ मध्ये ३.३८ नंतर त्यांनी थेट ४० वर उडी मारली. ४.० म्हटलं की लोकांना वाटणार, सगळं उलथापालथ करून टाकलं. म्हणून टिंब काढून टाकलं आणि पुढचा आकडा धरला. प्रत्येक आवृत्तीला टोपणनाव असतं, ज्या शहरानं ग्नोमचं संमेलन भरवलं त्या शहराचं. ४६ चं नाव होतं काठमांडू. ४७ चं डेन्व्हर. आणि १९ मार्च २०२५ ला आलेल्या ४८ चं नाव आहे... बेंगळुरू! डिसेंबर २०२४ मध्ये ग्नोम एशिया संमेलन तिथं झालं, त्याच्या आयोजकांच्या मेहनतीची आठवण म्हणून. सांगलीच्या रूमवर पार्टी का होती, ते आता कळलं असेल. "शेजारच्या राज्याचं नाव लागलंय," मामेभाऊ म्हणाला, "सीमाभाग म्हणून आपला पण वाटा धर."

रूमवर आम्ही सात जण. मधोमध परातीत भडंग, त्यावर कांदा आणि लिंबू. माझे पेढे. कोल्ड्रिंक. एका लॅपटॉपला जोडलेला उसना मॉनिटर. आणि अर्ध्या तासात लाइट गेली, त्यामुळे मॉनिटर बंद आणि फॅनही बंद. एप्रिलातली सांगली आणि फॅन बंद. पार्टी पुढं लॅपटॉपांच्या बॅटरीवर झाली.

नवीन काय आलं?

यादी मोठी आहे, मी मला भावलेलं सांगते. एकाच अॅपचे नोटिफिकेशन आता एकाखाली एक पसरत नाहीत, एकावर एक रचून बसतात. वर्गाच्या ग्रुपवर ज्या दिवशी टाइमटेबल येतं त्या दिवशी याची किंमत कळेल. बॅटरीचं चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय आली, म्हणजे सतत चार्जरला लटकवलेल्या लॅपटॉपची बॅटरी जास्त वर्षं टिकते. फक्त मशीननं ती सोय दिलेली असावी लागते. माझ्या डबड्याला ती नाही, बघितलं मी. मग वेलबीइंग नावाचं एक पान आहे. रोज स्क्रीनसमोर किती वेळ गेला ते दाखवतं, डोळ्यांना आराम द्या, उठून चाला अशी आठवण करतं, आणि तुम्ही स्वतःला घातलेली मर्यादा संपली की पडदा काळापांढरा करून टाकायचीही सोय आहे. आईपेक्षा सौम्य, पण काम तेच.

पण सगळ्यात भारी गोष्ट दिसतच नाही. तिचं नाव डायनॅमिक ट्रिपल बफरिंग. नाव अवघड आहे, काम साधं आहे. कॅन्टीनमध्ये दोनच बशा आहेत असं समजा. एक गिऱ्हाइकासमोर, दुसरीत आतला माणूस वडे भरतोय. भरायला जरा उशीर झाला की गिऱ्हाईक ताटकळत बसतं आणि समोरची बशी मोकळी होईपर्यंत आतला माणूसही हात बांधून उभा. तिसरी बशी दिली की त्याचं काम थांबत नाही. पडद्यावरच्या चित्रांचंही तसंच. साधं ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर खिडक्या सरकवताना जे अडखळणं होतं, ते या तिसऱ्या बशीनं कमी होतं. आणि 'डायनॅमिक' म्हणजे गरज असेल तेव्हाच तिसरी बशी काढायची, उगाच भांडी वाढवायची नाहीत.

हा बदल ग्नोममध्ये घ्यायला ५ वर्षं लागली. पाच! कोड लिहून झाला, लोकांनी तपासला, चुका काढल्या, परत लिहिला, आतलं बाकीचं बदललं म्हणून पुन्हा जुळवला. आपली पदवी त्याच्या आधी पूर्ण होते. आणि हे कुणासाठी? ज्यांच्याकडे महागडं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांच्यासाठी. एकीकडं एक कंपनी म्हणते, तुझं मशीन आता बाद. दुसरीकडं काही लोक पाच वर्षं एका गोष्टीच्या मागं लागतात, जुनं मशीन जरा सुरळीत चालावं म्हणून. पोरांनी माझ्या डबड्यात पेनड्राइव्ह लावला, काहीही न पुसता फेडोरा ४२ 'लाइव्ह' चालू केलं. वायफाय लगेच लागलं. आवाज आला. पडद्याचा उजेड कमी-जास्त करायची बटणं मात्र चालेनात. खिडक्या सरकवून बघितल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी गुळगुळीत.

हुरळून जाऊन तुम्ही लगेच आज रात्री विंडोज पुसू नका, हेही सांगते. ऑटोकॅड, फोटोशॉप असलं काही अभ्यासक्रमात असेल तर ते लिनक्सवर थेट चालत नाही. काही ऑनलाइन परीक्षांची सॉफ्टवेअरही विंडोजच मागतात. आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून चार दिवस वापरून बघा, वायफाय-प्रिंटर तपासा, सगळ्या फाइल दुसरीकडं ठेवा आणि मगच हात घाला. परीक्षेच्या आदल्या रात्री तर अजिबात नको. (एकानं घातला होता. तो रूमवरच होता, पण त्याबद्दल बोलायला तयार नव्हता.)

अद्वैत, पण 'अ' नाही

मग मी म्हटलं, थांबा, मला माझी परीक्षा घेऊ दे. सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड लावला. इनस्क्रिप्टमध्ये 'ऱ' शिफ्ट आणि जे दाबलं की येतो, त्याला हलन्त, मग 'य'. टाइप केलं: 'साताऱ्यात'. आली! भुवई आली. कव्हरवरच्या त्या पाचशे प्रती आठवल्या आणि उगाचच आनंद झाला.

यामागं काय घडतं ते मला तिथंच कळलं. युनिकोडमध्ये नुक्त्याचा 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडला की ही भुवई मिळते आणि साध्या 'र'चा पाय मोडला की रफार. म्हणजे लिहिणाऱ्यानं बरोबर अक्षर निवडायचं. पण नुसतं अक्षर निवडून भागत नाही, ती अक्षरं जुळवून, वेलांटी मागं नेऊन, जोडाक्षर करून पडद्यावर मांडणारं एक यंत्र लागतं. ग्नोममध्ये हे काम हार्फबझ करतं. बेहदाद एस्फहबोद या मूळच्या इराणी प्रोग्रॅमरनं ते उभं केलं. नाव फारसी आहे, 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे उघडं. अरबी, फारसी, देवनागरी, तमिळ अशा ज्या लिप्या इंग्रजीसारख्या एकापुढं एक सुटी अक्षरं मांडून लिहिता येत नाहीत, त्यांचं ओझं हे यंत्र वाहतं. आणि आता ते फक्त लिनक्समध्ये राहिलेलं नाही. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस, सगळीकडं तेच. म्हणून सुरुवातीला मी तुम्हाला मोबाइल बाजूला ठेवायला सांगितला. अँड्रॉइडवर 'साताऱ्यात' बहुतेक बरोबरच दिसलं असतं, आणि ते कुणामुळं हे मला सांगायचं होतं.

आता गंमत ऐका. ग्नोम ४८ मध्ये नवा फॉन्ट आलाय. जुना काढून पूर्ण डेस्कटॉपला नवं अक्षर दिलं. त्याचं नाव 'अद्वैत सॅन्स'. हो, आपलंच अद्वैत! ग्नोमच्या मूळ रंगरूपाला बऱ्याच वर्षांपासून हे संस्कृत नाव आहे. मी खूश होऊन विचारलं, मग यातलं मराठी कसं दिसतं? पोरं एकमेकांकडं बघायला लागली. अद्वैत नावाच्या फॉन्टात देवनागरी नाही. 'अ' सुद्धा नाही. तो इंटर नावाच्या फॉन्टावरून बनवलाय, त्यात रोमन, ग्रीक, सिरिलिक आहे. मराठी अक्षर आलं की कॉम्प्युटर गुपचूप दुसरा फॉन्ट शोधून आणतो, नोटो किंवा लोहित.

त्यातल्या लोहितची गोष्ट आपल्या जवळची आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं बनवलेले हे फॉन्ट रेड हॅट कंपनीनं २००४ मध्ये मुक्त केले. लोहित म्हणजे लाल, लाल टोपीवाल्यांचे म्हणून. २०११ मध्ये त्यांना ओपन फॉन्ट लायसन मिळालं. म्हणजे मेक्सिकोत सुरू झालेल्या डेस्कटॉपवर, एका इराण्यानं जुळवलेलं, पुण्याच्या फॉन्टातलं 'साताऱ्यात'. अद्वैत म्हणायचं तर मी याला म्हणेन, फॉन्टाला नाही.

'वेलबीइंग'ला काय म्हणायचं?

मग कुणीतरी पूर्ण भाषाच मराठी केली. लॉग आउट, परत लॉग इन. आणि पार्टीची खरी मजा तिथून सुरू झाली.

बरंच काही मराठीत होतं. ते कुणी केलं? वर्षानुवर्षं मोजक्या मराठी लोकांनी, एकेक ओळ बसून. अॅपच्या 'विषयी'च्या खिडकीत अनुवादकांची नावं असतात, बघा कधीतरी. पण जसजसं नव्या पानांवर गेलो तसतशी इंग्रजी वाक्यं मधेमधे उगवायला लागली. अर्धं पान मराठी, अर्धं इंग्रजी. चौकात नवी इमारत आणि तिच्या मधोमध न पाडलेली जुनी भिंत असावी, तसं. कारण सोपं आहे. दर ६ महिन्यांनी नवी आवृत्ती येते तेव्हा नवी वाक्यंही येतात. जुन्या वाक्यांत एखादा शब्द बदलला तरी जुना अनुवाद बाद होऊ शकतो. अनुवाद करणारं कुणी नसेल तर ती ओळ इंग्रजीतच राहते. कुणी मुद्दाम मराठी काढत नाही. ती फक्त मागं राहत जाते, प्रत्येक मार्चला थोडी, प्रत्येक सप्टेंबरला थोडी. म्हणजे ज्या दिवशी आपण नव्या आवृत्तीची पार्टी करतो, त्याच दिवशी आपली भाषा त्यात थोडी कमी झालेली असते. हे कळल्यावर भडंग जरा कमी लागला मला.

हे काम चालतं कसं, तेही सांगते. ग्नोमची अनुवादासाठी एक साइट आहे, तिचं नाव 'डॅम्ड लाइज'. आकडेवारी म्हणजे पक्की थापेबाजी, या अर्थाच्या जुन्या इंग्रजी टोमण्यावरून. तिथं प्रत्येक अॅपची, प्रत्येक भाषेची टक्केवारी दिसते. खातं काढायचं, मराठीच्या टीममध्ये जायचं, एखादं अॅप 'मी करतो' म्हणून राखून ठेवायचं म्हणजे दोघांची मेहनत एकावर होत नाही. एक फाइल मिळते. वरच्या ओळीत इंग्रजी, खालच्या ओळीत रिकामी जागा. भरायची, परत चढवायची. टीममधला जाणकार तपासतो, मग ती आत जाते. आवृत्ती येण्याच्या काही आठवडे आधी मूळ इंग्रजी शब्द गोठवतात, म्हणजे अनुवादकांच्या पायाखालची जमीन हलत नाही. कोडिंग यायला हवं असं काही नाही. मराठी यायला हवं. मास कॉमवाल्यांनो, बीए मराठीवाल्यांनो, ऐकताय ना?

आम्ही रिकामी जागा भरायला घेतली आणि भांडणं सुरू. वेलबीइंगला 'स्वास्थ्य'? ते दवाखान्याच्या पाटीसारखं वाटतं. 'कल्याण'? एकदम कल्याण लोकल. शेवटी मेकॅनिकलची एक मुलगी म्हणाली, "तब्येत म्हणा की सरळ!" सगळे गप्प. 'तब्येत' बसत होतं. बॅटरीच्या पानावर तर 'बॅटरीची तब्येत' इतकं मस्त बसलं की टाळ्या पडल्या. ब्रेक रिमाइंडरला 'विश्रांतीची आठवण' हे बरोबर आहे, पण कुणीच तसं बोलत नाही. स्क्रीन टाइम तर 'स्क्रीन टाइम'च ठेवावं असं माझं मत, उगाच 'पटल-काल' करून कुणाला पळवून लावायचं?

खरी अडचण शब्दांची नाहीच, व्याकरणाची आहे. इंग्रजीत एक ओळ असते: अमुक हटवलं. 'अमुक'च्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि एस अक्षर असतं, तिथं नाव नंतर आपोआप येतं. इंग्रजीला काही फरक पडत नाही. पण मराठीत फाइल हटवली, फोल्डर हटवला, चित्र हटवलं! मशीनला लिंग कळत नाही. म्हणून अनुवादक पळवाट काढतो, 'हटवण्यात आले' असं काहीतरी. आपण म्हणतो कॉम्प्युटरची मराठी सरकारी वाटते. अर्धा दोष अनुवादकाचा नसतो, त्या टक्क्याच्या चिन्हाचा असतो.

आणि मग आलं माझं गाव. समजा, ओळ आहे 'अमुक शहरातलं हवामान'. शहराचं नाव नंतर येणार. मामेभाऊ म्हणाला, "सांगली घाल. सांगलीतलं हवामान. नाव बदलतंय का? नाही. फक्त प्रत्यय चिकटला. सांगली मशीनला सोपी आहे, ताई." मी म्हटलं, सातारा घाल. 'सातारातलं हवामान'? असं कोण म्हणतं? साताऱ्यातलं! पुणे घातलं तर पुण्यातलं, कोल्हापूर घातलं तर कोल्हापुरातलं. प्रत्येक गाव वेगळ्या तऱ्हेनं वाकतं आणि मशीनला वाकवता येत नाही. म्हणून कॉम्प्युटर 'सातारा येथील हवामान' म्हणतो. पोस्टमनसारखा.

सांगली जिंकली, मान्य. पण भुवई आमच्याकडं आहे.

तुम्हाला वाटत असेल, हे सगळं करायला कुठं बेंगळुरू-पुण्याला जावं लागतं. पुण्यात लिनक्सवाल्यांचे जुने गट आहेत हे खरंच. पण विश्रामबागेतल्याच वालचंद कॉलेजमध्ये वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप २००३ पासून आहे. विद्यार्थीच चालवतात, सीनिअर पास होतात, ज्युनिअर पुढं नेतात. २००३! म्हणजे तो ग्रुप माझ्याच वयाचा आहे. मामेभाऊ त्या कॉलेजचा नाही, पण 'लिनक्स म्हणजे काय' हे त्याला त्याच परिसरातल्या पोरांकडून कळलं. साताऱ्यात माझ्या माहितीतल्या कुठल्या कॉलेजात असा ग्रुप मला दिसला नाही. असेल तर कळवा, मी पेढे घेऊन येते.

लाइट साडेसहाला आली. तोवर आमच्या चौदा ओळी झाल्या होत्या. तीन तासांत सात जणांनी मिळून चौदा. हसू नका, त्यातल्या चार ओळींवर पाऊण तास वाद झाला होता. फाइल चढवली. साइटवर आता पुढच्या तपासणीची वाट बघतोय. तपासणारा त्यातलं काय ठेवेल, काय बदलेल माहीत नाही, 'तब्येत' टिकावी असं मात्र मनापासून वाटतंय. ग्नोम ४९ सप्टेंबर २०२५ मध्ये आलं. ओळी लागल्या असतील तर त्यात दिसतील.

डबड्यावर अजून विंडोज आहे. परीक्षा संपल्या की मे महिन्यात बदलायचं ठरवलंय. पेनड्राइव्ह बॅगेतच आहे, हा लेख त्यावरूनच चालू केलेल्या मशीनवर लिहिला आणि संपादकांना पाठवताना पहिल्या ओळीतला 'साताऱ्यात' तीनदा तपासला. तुमच्या हातातल्या कागदावर तो कसा आलाय, ते मला अजून माहीत नाही.

रात्री परतीच्या एसटीत उंब्रजच्या आसपास मामेभावाचा मेसेज आला. "ताई, ते नोटिफिकेशन एकावर एक बसतात त्याला काय म्हणायचं? स्टॅक?"

मी लिहिलं, "चळत."

"म्हणजे?"

"भाकऱ्यांची चळत असते ना, तशी."

थोड्या वेळानं उत्तर आलं, "आमच्या रूमवर कुणालाच हा शब्द माहीत नाही. गठ्ठा करू?"

गठ्ठा वर्तमानपत्रांचा असतो, कपड्यांचा असतो. तो नीट रचलेला असेलच असं नाही. चळत रचलेलीच असते. पण कुणालाच कळत नसेल तर बरोबर शब्दाचा उपयोग काय, हेही खरं. अजून ठरलेलं नाही. ओळ रिकामी ठेवलीय. तुमच्या घरी काय म्हणतात?